सेलबोटच्या तळातला डेप्थ सेन्सर गळतोय? गोव्यातल्या बोटवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हा सेन्सर बसलेला असतो कुठे आणि करतो काय?

बोटीच्या तळाला, कीलच्या (तळाखाली खोल गेलेल्या पंखासारख्या भागाच्या) थोडं पुढे, बहुतेक वेळा ५१ मिमीचं म्हणजे दोन इंचाचं आरपार भोक असतं. त्यात एक नळकांडं बसवलेलं असतं त्याला हाऊसिंग म्हणतात, आणि हाऊसिंगमध्ये वरून सरकवलेला असतो तो खरा सेन्सर, म्हणजे इन्सर्ट. तो खाली आवाजाचा पल्स सोडतो, साधारण २०० किलोहर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा, तळावर आपटून प्रतिध्वनी परत येतो आणि लागलेल्या वेळेवरून खोली काढली जाते. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो म्हणजे तीन मीटर पाण्यात जाऊन यायला चार मिलिसेकंद. आग्वादच्या वाळूच्या दांड्यावरून मांडवीत शिरताना किंवा मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत जाताना याच आकड्यावर आपला जीव असतो, त्यामुळे तो नीट चालणं आणि त्याचं भोक नीट बंद असणं, दोन्ही महत्त्वाचं.

थेंब थेंबच येतंय, सीझन संपेपर्यंत असंच चालवलं तर?

नका चालवू. थेंब ही समस्या नाही, थेंब का येतोय हे माहीत नाही ही समस्या आहे. ओ-रिंग, म्हणजे आतलं रबरी कडं, सुकलीय म्हणून येत असेल तर महिनोनमहिने तेवढंच येत राहील, पण हाऊसिंगला तडा गेलाय म्हणून येत असेल तर एखाद्या दिवशी लाटेवर बोट आपटली की नळकांडंच तुटतं. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर दोन इंची भोक उघडं पडलं तर मिनिटाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं, म्हणजे डिझेलचं अख्खं पिंप मिनिटभरात. आपल्याकडच्या बोटींवर असतो तो तासाला ११०० गॅलनवाला बिल्ज पंप (बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसणारा) कागदावरसुद्धा मिनिटाला ७० लिटरच टाकतो, प्रत्यक्षात त्याहून कमी.

आणि ऑटोमॅटिक पंप असला की गळती लपते हे ध्यानात ठेवा. पंप आपला गुपचूप चालू-बंद होत राहतो, मालकाला वाटतं बोट कोरडी आहे, मग जून-जुलैत आठवडाभर ऊन पडत नाही, सोलर चार्ज करत नाही, बॅटरी बसते आणि बोट पण बसते, तळाला.

पाणी सेन्सरमधूनच येतंय हे कसं ओळखायचं?

इथे घाई करू नका, निम्मे लोक इथेच चुकतात. बिल्जमध्ये पाणी दिसलं की सगळ्यात जवळचं भोक म्हणून सेन्सरला धरतात आणि पाणी मात्र मागच्या शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथल्या पॅकिंगमधून, वाहत आलेलं असतं, किंवा डोलकाठीतून उतरलेलं पावसाचं असतं, किंवा गोड्या पाण्याच्या टाकीचा पाइप सुटलेला असतो. चव घेऊन बघा, खारट असेल तर समुद्राचं, ही युक्ती उन्हाळ्यात चालते पण पावसाळ्यात मांडवीत किंवा झुआरीत नांगरलेल्या बोटीवर अजिबात भरवसा ठेवू नका, तेव्हा नदीचं पाणीच इतकं गोडं होतं की चवीवरून काही कळत नाही.

खात्रीची पद्धत अशी. बिल्ज पूर्ण उपसा, स्पंजने टिपा, हाऊसिंगच्या भोवतालचा वीतभर भाग फडक्याने कोरडा करा, वाटल्यास हेअर ड्रायर फिरवा. मग सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरा, हाऊसिंगवर, नटावर, केबलच्या तोंडाशी, आजूबाजूच्या फायबरवर. टॉर्च धरून अर्धा तास शांत बसा. पावडरीवर ओल्याची रेघ कुठून सुरू होते ते डोळ्याला दिसतं.

वरच्या टोपीच्या नटाखालून रेघ आली तर इन्सर्टच्या ओ-रिंगा गेल्या, हे सगळ्यात स्वस्त. केबल जिथे इन्सर्टमध्ये शिरते तिथून आलं तर इन्सर्ट आतून फुटलाय, तो बदलायचा. मोठ्या नटाखालून, म्हणजे जिथे हाऊसिंग बोटीच्या कातड्याला टेकतं तिथून आलं तर सीलंट सुटलंय, बोट बाहेर काढावी लागणार. आणि नळकांड्याच्या अंगावरच उभी बारीक रेघ दिसली तर तो तडा आहे, त्या बोटीवर रात्री झोपू नका, सोडून घरी तर अजिबात जाऊ नका.

बोट पाण्यातच ठेवून काम होईल का?

फक्त इन्सर्ट किंवा ओ-रिंग बदलायची असेल तर हो. बऱ्याच सेन्सरबरोबर एक डमी प्लग येतो, इन्सर्ट उपसायचा आणि लगेच तो खुपसायचा. नव्या हाऊसिंगमध्ये झडप असते त्यामुळे पाणी कमी उसळतं पण झडप पाण्याचा जोर कमी करते, पूर्ण अडवत नाही, तिच्या जिवावर चहा प्यायला जाऊ नका. दोन माणसं लागतात, एक उपसणारा, एक प्लग हातात धरून बसलेला. आधी डमी प्लगच्या ओ-रिंगा बघून घ्या आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साधं गाडीचं ग्रीस किंवा व्हॅसलीन नको, पेट्रोलियममुळे काही रबर फुगतं. बादलीभर पाणी आत येईल, घाबरू नका, ते धरूनच चाला.

हाऊसिंगच बदलायचं असेल तर बोट बाहेर. याला पर्याय नाही.

दादा, मोठ्या ओहोटीला बोट भिंतीला टेकवून उरकता येईल ना? क्रेनचे पैसे वाचतील.

आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटर असतो, त्यामुळे दीड मीटर ड्राफ्टची, म्हणजे पाण्याखाली तेवढी खोल जाणारी, बोट टेकवणं जमू शकतं, आणि तळ घासायला, अॅनोड (गंज स्वतःवर घेणारा धातूचा तुकडा) बदलायला लोक ते करतातही. पण या कामाला नको. हातात मिळतात तीन-चार तास, जुनं सीलंट काढण्यातच ते जातात, आणि नवीन सीलंट ओलं असतानाच पाणी वर येतं. वर आपल्या नद्यांचा चिखल. कील एका बाजूने रुतली की बोट कलते आणि मग वेगळंच काम निघतं.

बाहेरून नाहीतर आतून एम-सील थापून दिलं तर?

आतून थापलेलं काहीही पाण्याच्या दाबाने ढकललं जातं, म्हणजे पाणीच त्याला सोलून काढायचं काम करत असतं. बाहेरून लावलं तर निदान दाब त्याला आत चेपतो, पण ओल्या, शेवाळलेल्या, शिंपले खरवडून काढलेल्या पृष्ठभागावर काही धरत नाही. आणि समजा धरलं, तरी आतला तडा तसाच राहतो, आता फक्त दिसत नाही. मला हे मनापासून सांगायचंय, थापलेलं सीलंट म्हणजे दुरुस्ती नाही. जुनं पूर्ण काढून, कोरडं करून, नवीन बसवलं तरच ती दुरुस्ती.

भर समुद्रात धार लागली तर काय करायचं?

प्रत्येक भोकाशेजारी मऊ लाकडाचा निमुळता गुटका दोरीने बांधून ठेवा. तयार मिळतात, नाहीतर सुताराकडून सावरीच्या लाकडाचे करून घ्या, मऊ लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. सेन्सर तुटला तर आधी हात नाहीतर टॉवेल दाबा, मग तुटके तुकडे बाजूला करून गुटका ठोका. फार जोरात नको, तडकलेलं नळकांडं आणखी फाटेल. नुसता तडा असेल तर इन्सर्ट उपसायच्या भानगडीत पडू नका, भरपूर ग्रीस लावलेलं कापड भोवती घट्ट गुंडाळा, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधा आणि जवळचं बंदर गाठा. रेडिओवर चॅनल १६ ला, म्हणजे संकटाच्या चॅनलवर, आधीच कळवून ठेवा, पाणी गुडघ्याला लागायची वाट बघू नका.

हाऊसिंग कुठलं घेऊ, प्लास्टिक, गनमेटल की स्टील?

फायबरच्या बोटीला प्लास्टिक किंवा गनमेटल (एक प्रकारचं कांसं), दोन्ही चालतं. लाकडी बोटीला प्लास्टिक कधीच नको, लाकूड फुगतं आणि प्लास्टिकला चिरडून तडा पाडतं, तिथे गनमेटलच. अॅल्युमिनियमच्या बोटीला गनमेटल नको, खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, तिथे प्लास्टिक, किंवा लोखंडी-अॅल्युमिनियम बोटींसाठी इन्सुलेशनसकट येतं ते स्टीलचं.

आणि पितळ तर कुठेच नको. हार्डवेअरच्या दुकानात नट किंवा वायसर मागितलं की चकचकीत पितळ हातात देतात, पण खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं, मागे उरतं ते गुलाबीसर, भुसभुशीत तांबं. बघायला शाबूत, पाना लावला की तुकडा हातात. गनमेटल आहे का हे दोनदा विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर फायबरच्या बोटीला, बजेट असेल तर, गनमेटल. तरंगतं लाकूड पावसाळ्यात आपल्या नद्यांतून भरपूर येतं, एखादा ओंडका तळाला लागला तर प्लास्टिकपेक्षा ते जास्त सोसतं.

कुठला सेन्सर मागवायचा? डिस्प्ले जुनाच आहे.

जुन्या केबलवर, सेन्सरपासून किंवा प्लगपासून हातभर अंतरावर, एक छोटं लेबल असतं. त्यावरचा पार्ट नंबर आणि फ्रिक्वेन्सी यांचा फोटो काढा. पुष्कळ ब्रँडचे सेन्सर मुळात एअरमार ही अमेरिकन कंपनी बनवते, त्यामुळे बाहेरचं नाव वेगळं असलं तरी आतलं घराणं एकच निघतं आणि कधी कधी जुन्या हाऊसिंगच्या मापाचाच नवीन मिळतो. पण हाऊसिंग जुनं ठेवून फक्त इन्सर्ट नवीन, हे हाऊसिंग धडधाकट असेल तरच. दहा-बारा वर्षांचं प्लास्टिक असेल तर बोट बाहेर आहेच म्हटल्यावर तेही बदला. माल बाहेरून यायला, कस्टममधून सुटायला वेळ लागतो, तेव्हा सेन्सर हातात आल्याशिवाय क्रेन बुक करू नका.

जुनं हाऊसिंग निघतच नाहीये, काय करू?

आतला नट आधी सोडवा. फिरत नसेल तर पान्यावर पाइप चढवून झोंबू नका, मल्टिकटरने नटाला दोन उभे काप द्या आणि छिन्नीने हलकेच फोडा. मग बाहेरून फ्लँजच्या (हाऊसिंगच्या तळाला टेकणाऱ्या रुंद चकतीच्या) कडेने पातळ ब्लेड किंवा मासेमारीची जाड तंगूस करवतीसारखी फिरवून सीलंट कापत जा. तरी हटत नसेल तर बाहेरची फ्लँज ग्राइंडरने उडवा आणि उरलेलं नळकांडं आत ढकलून काढा. हाऊसिंग फेकायचंच आहे, त्याला जपण्यापेक्षा फायबरला जपा. हीट गन वापरलीत तर जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, फोड येणार नाहीत इतपतच.

ग्राइंडर चालवताना मास्क आणि गॉगल लावा. ओल्या स्लिपवेवर एक्स्टेंशन बोर्ड डबक्यात पडलेले बघवत नाहीत, तो वर टांगा आणि ट्रिप होणारा ब्रेकर असलेल्या लाइनवरच काम करा.

नवीन सेन्सर मोठा आहे किंवा लहान आहे, मग?

मोठा असेल तर जुन्या भोकात लाकडाचा गोल गुटका ठोका, त्याच्या मध्यावर पायलट ड्रिल करा आणि मोठा होल सॉ बाहेरून चालवा, नाहीतर सॉ नाचत राहतो. लहान असेल तर पॅकिंग करून भागवू नका, भोक फायबर आणि इपॉक्सीने पूर्ण भरून नवीन पाडायचं. भरताना कडा बारास एक उतरत्या घासायच्या, म्हणजे १० मिमी जाडीच्या हलला (बोटीच्या कातड्याला) भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी १२० मिमीपर्यंत उतार. मिस्त्री म्हणतात एवढं कशाला, तुम्ही ऐकू नका, या उतारावरच सगळी पकड असते.

भोकाच्या कडेला दोन थरांच्या मधे फोम किंवा बाल्सा लाकूड दिसलं तर ती कोअरवाली बोट. तिथे कोअर एक-दोन सेंटिमीटर खोल कोरून काढायचा आणि ती खाच घट्ट इपॉक्सीने भरायची, नाहीतर नट आवळला की कोअर चेपतो, आणि पाणी शिरलं तर आतल्या आत सडत जातो. कोअर नसला तरी भोकाच्या उघड्या कडेला इपॉक्सीचे दोन हात द्याच. आपल्या उन्हात इपॉक्सी भराभर तापतं, कपभर कालवाल तर हातात धूर येईल, थोडं थोडं कालवा.

सीलंट कुठलं?

पाण्याखाली चालणारं मरीन पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड. बाथरूमचं सिलिकॉन नाही. कायमचं चिकटवणारं जबरदस्त पॉलियुरेथेन मिळतं ते मी या कामाला घेत नाही, कारण हे हाऊसिंग काही वर्षांनी कोणालातरी पुन्हा काढायचंय. आणि प्लास्टिकचं हाऊसिंग असेल तर अॅसिटोन, थिनर त्याच्या जवळ आणू नका, प्लास्टिक कमजोर होतं. हल पुसायला वापरलंत तर पूर्ण उडून जाऊ द्या.

बसवताना नेमकं कसं?

आधी सगळं कोरडंच बसवून बघा, फ्लँज चहूबाजूंनी टेकते का, नटाला आत जागा आहे का, हाऊसिंगवरचा बाण किंवा खाच बोटीच्या नाकाकडे आहे का. मग आतून-बाहेरून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, जुन्या सीलंटचा एक कणही नको, हाताचं बोट फिरवून बघा, चिकट लागलं तर अजून आहे.

फ्लँजच्या आतल्या बाजूला दोनेक मिमीचा सलग थर लावा आणि नळकांड्याच्या अंगावर, आट्यांवरसुद्धा, हलच्या आणि नटाच्या एकत्र जाडीपेक्षा थोडं वरपर्यंत. बाहेरून आत सरकवा आणि किंचित डावी-उजवीकडे फिरवत दाबा, अडकलेली हवा निघून जाते. आता बाहेर एक माणूस फ्लँज धरून बसलेला आणि आत तुम्ही नट फिरवताय असं हवं. बाहेरच्याने सांगत राहायचं, कारण फ्लँजच्या कडेने सीलंटची गोट बाहेर यायला लागते, आधी एका बाजूला, मग हळूहळू पूर्ण वर्तुळ, पावभाजीच्या कडेला लोणी सुटतं तशी सलग. वर्तुळ पूर्ण झालं की थांबा. प्लास्टिकचा नट हाताने आवळायचा आणि वर थोडासा, एवढंच. पाना लावून करकचून आवळलं तर एक म्हणजे सगळं सीलंट बाहेर येतं आणि मधे काहीच उरत नाही, दुसरं म्हणजे नळकांड्याला तिथेच तडा जातो. जे सेन्सर गळतात त्यातले कित्येक असे पहिल्याच दिवशी मारलेले असतात.

बाहेरची गोट बोटाने गुळगुळीत करा म्हणजे पाणी सरळ वाहील, बुडबुडे होणार नाहीत. मग ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. साधारण दोन-तीन दिवस तरी द्या, काही सीलंटना आठवडा लागतो. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणावरच सुकतं, त्या बाबतीत गोव्याची हवा आपल्या बाजूने आहे.

तळ सपाट नाही, उतरता आहे. सेन्सर तिरका बसेल ना?

बसेल, आणि तिरका पल्स तिरकी खोली दाखवतो. थोडा उतार असेल तर आतला क्रिस्टलच कलता बसवलेले सेन्सर मिळतात, १२ आणि २० अंशांचे. जास्त असेल तर फेअरिंग ब्लॉक, तो हलच्या कोनात कापून एक भाग बाहेर आणि एक आत. जागा नवीन निवडत असाल तर फिन कीलच्या बोटीला कीलच्या पुढे ३० ते ६० सेंटिमीटर, आणि पुढे दुसरं कुठलं भोक नको, त्याचे बुडबुडे थेट सेन्सरखाली येतात.

केबल लांब आहे, कापून जोडली तर?

कापू नका, बहुतेक कंपन्या त्यावर वॉरंटी देत नाहीत आणि जोडात दमटपणा शिरला की रीडिंग उड्या मारतं. जुनी केबल ओढून काढताना तिच्या टोकाला दोरी बांधा, तीच दोरी नवीन केबलला वाट दाखवेल. उरलेली गुंडाळून ठेवा, इंजिनच्या आणि व्हीएचएफ रेडिओच्या वायरींपासून लांब. सेन्सर केबलला धरून उचलायचा नाही, हे पोरांना आधीच सांगा.

पावसाळ्यात करू की नंतर?

आपल्याकडे जूनमध्ये बोटी वर येतात, शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या आगेमागे पुन्हा उतरतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं मधले दोन महिने मोकळेच आहेत. काढणं, घासणं, तपासणं तेव्हा करा. पण भोकाची उघडी कडा ओली असताना इपॉक्सी लावू नका. ताडपत्री घट्ट बांधा, आत पंखा आणि हॅलोजन लावून काही दिवस सुकवा, मगच. जमत असेल तर मे महिन्यातच काम उरका, क्रेनवाले हायड्रासुद्धा तेव्हा सहज मिळतात. ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच एकदम उतरायचं असतं.

वर रंग मारायचा का?

अँटिफाउलिंग मारा, नाहीतर आपल्या कोमट पाण्यात काही आठवड्यांतच शिंपले चढतात. पण सेन्सरच्या तोंडावर फक्त पाण्यावर आधारित रंग, पातळ हात. थिनरवाला रंग प्लास्टिकला खातो.

बोट उतरवली, आता लगेच मूरिंगला, म्हणजे पाण्यातल्या बांधायच्या जागी, जाऊ?

नाही. बेल्ट सैल करायच्या आधी आत जाऊन बघा, क्रेनवाला घाई करेल, करू दे. नटाभोवती टिश्यू पेपर फिरवा, ओल डोळ्याआधी कागदाला कळते. मग तीन तासांच्या आत परत बघा, आणि पहिला पूर्ण दिवस-रात्र बोट एकटी सोडू नका. पंपाचा फ्लोट हाताने उचलून पंप चालतो का तेही त्याच वेळी बघा. थेंब दिसला तर पाण्यात असताना नट आवळत बसू नका, परत वर.

रीडिंग जेट्टीवर मोजलं त्याच्याशी जुळत नाही.

सेन्सर स्वतःपासून तळापर्यंत मोजतो. तो पाण्याखाली अर्ध्या मीटरवर असेल आणि ड्राफ्ट दीड मीटर असेल, तर कीलखालचं पाणी हवं असल्यास ऑफसेट (रीडिंगमध्ये मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा) उणे १.० मीटर, आणि पाण्याच्या पातळीपासूनची खोली हवी असल्यास अधिक ०.५. यातलं कुठलं ठेवलंय ते डिस्प्लेशेजारी चिकटवून ठेवा, बोट चालवणारा प्रत्येक जण तुम्हीच नसणार. शिशाचं वजन बांधलेली खुणेची दोरी सोडून एकदा ताडून बघा. चिखल मऊ असेल तर वजन रुतून थोडं जास्त दाखवेल. पावसाळ्यात नदीत आणि उन्हाळ्यात समुद्रात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो, तो सोडून द्या.

मला भोकच नको, काही मार्ग आहे?

आहे, आणि फायबर ठोस असेल, मधे कोअर नसेल, तर चांगला आहे. हलच्या आत चिकटवलेल्या नळीत सेन्सर बसतो आणि फायबरमधूनच पल्स जातो. थोडी ताकद कमी होते पण गोव्याच्या किनाऱ्यालगत जेवढ्या पाण्यात आपण फिरतो त्याला पुरते. कायमचं चिकटवण्याआधी पाणी भरलेल्या पिशवीत सेन्सर ठेवून, ती हलवर टेकवून जागा तपासता येते. वेग आणि पाण्याचं तापमान मात्र मिळणार नाही. ज्यांची बोट महिनोन्महिने मूरिंगला एकटी असते त्यांना मी हेच सुचवतो, जुनं भोक भरून टाका.

मिस्त्रीकडून करून घेतोय, मी तिथे थांबायलाच हवं का?

दोनदा तरी. जुनं सगळं निघाल्यावर उघडं भोक स्वतःच्या बोटाने चाचपायला, आणि सीलंट लावून नट आवळताना. मधलं काम तो तुमच्यापेक्षा चांगलं करेल. बिलाबरोबर जुन्या ओ-रिंगा आणि डमी प्लग परत मागून घ्या, यार्डात बऱ्याचदा ते कचऱ्यात जातात. प्लग हाऊसिंगच्या शेजारीच बांधून ठेवा, लाकडी गुटक्याबरोबर.